भेग कोण मोजणार?

११ डिसेंबर १९६७. पहाटेचे साडेचार वाजायला काही मिनिटे होती. कोयनानगरला जमीन हादरली आणि तो धक्का मुंबई, पुणे, गोव्यापर्यंत पोचला. कोयनेपासून वाई सरळ रेषेत साधारण साठ किलोमीटर. वाई तालुक्यातल्या आमच्या एका वस्तीतील आजी अजून ती पहाट सांगतात. उतरंडीची मडकी खाली आली, मागची भिंत कोपऱ्यातून फाटली, पोरांना काखेत मारून सगळे उघड्यावर आले आणि पुढचे चार दिवस थंडीत अंगणातच झोपले. "मग सरकारी माणसं आली नव्हती का?" आम्ही विचारले. आजी हसल्या. "आली की. चावडीवर बसली. आमच्या घराची भेग त्यांनी चावडीवरनंच बघितली."

या एका वाक्यावर आम्ही बरेच दिवस विचार करतो आहोत. भूकंपाने घर किती मोडले हे ठरवणारा माणूस कोण, त्याला ते काम कोणी शिकवले आणि तो आमच्या दारापर्यंत येतो का, हे ते तीन प्रश्न. भूकंपानंतर इमारतींची तपासणी करण्यासाठी अभियंत्यांना प्रशिक्षण द्यावे, असा विषय निघाला की आमचे काही मित्र म्हणतात, हा तांत्रिक विषय आहे, आंबेडकरी दैनिकात तो कशाला? आमचे म्हणणे उलट आहे. हा विषय आमच्या लोकांनी सर्वांत आधी समजून घ्यायला हवा. कारण ज्याच्याकडे दुसरे घर आहे, शेत आहे, बँकेत ठेव आहे, त्याला पंचनाम्यातील एका खुणेने फारसा फरक पडत नाही. ज्याचे सगळे एका खोलीत आहे त्याचे आयुष्य त्या खुणेवर फिरते.

खूण म्हणजे काय ते आकड्यांत पाहू. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे निकष केंद्र सरकार ठरवते. २०२२ ते २०२६ या काळासाठी ठरवलेल्या निकषांत पूर्ण पडलेल्या किंवा गंभीर नुकसान झालेल्या घराला सपाट प्रदेशात १ लाख २० हजार आणि डोंगरी भागात १ लाख ३० हजार रुपये होते. अंशतः पडलेल्या पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,०००. तेही नुकसान किमान १५ टक्के असेल तर! झोपडीला ८,००० रुपये. राज्य सरकारे यात कधी भर घालतात, कधी घालत नाहीत. पण मूळ चौकट ही.

आता विचार करा. दगडमातीच्या भिंतीचे एक अंग सुटले आहे, छप्पर अजून वर आहे. हे 'अंशतः' की 'गंभीर'? पहिली खूण झाली तर चार हजार, दुसरी झाली तर सव्वा लाखाच्या पुढेमागे. पंधरा टक्के म्हणजे कशाचे पंधरा टक्के? भिंतींच्या लांबीचे, घराच्या किमतीचे, की पाहणाऱ्याच्या मर्जीचे? त्याच घराला 'कच्चे घर' म्हणायचे की 'झोपडी'? या प्रत्येक प्रश्नाला अभियांत्रिकीत उत्तर आहे. मात्र उत्तर माहीत असलेला माणूस तिथे उभा पाहिजे. तो नसेल तर उत्तर देतो तो गावचा पुढारी, आणि तो कोणाच्या बाजूने देतो हे आमच्या वाचकांना सांगायची गरज नाही.

याच निकषांत आणखी एक अट आहे. पडलेले घर अधिकृत बांधकाम असले पाहिजे आणि तसे सक्षम अधिकाऱ्याने प्रमाणित केले पाहिजे. सातारा-सांगलीच्या खेड्यांत आमची किती घरे गायरानावर, ओढ्याच्या काठाला, रस्त्याच्या कडेला उभी आहेत? घराचा उतारा किती जणांकडे आहे? भूकंप उतारा बघून येत नाही. मदत मात्र उतारा बघून येते. त्यामुळे अभियंत्याने भेग बरोबर मोजली तरी एवढ्याने काम भागत नाही, हेही आम्ही जाणून आहोत. तथापि नुकसानीची खरी नोंद हातात असेल तर उताऱ्यासाठी भांडता तरी येते. नोंदच नसेल तर भांडायचे कशावर?

किल्लारीचा इतिहास यासाठी पुन्हा वाचला पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास, गणपती विसर्जनाच्या रात्री, लातूर-उस्मानाबादमधील गावेच्या गावे झोपेत गाडली गेली. सुमारे आठ हजार माणसे मेली. सरकारी नकाशात तो भाग त्या वेळी भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या विभागात होता. कोयनेच्या वेळीही तसेच झाले होते. दख्खनचे पठार अचल आहे ही विद्वानांची समजूत होती, आणि १९६७ च्या धक्क्यानंतर १९७० मध्ये नकाशा बदलून कोयना परिसर चौथ्या विभागात टाकावा लागला. किल्लारीनंतर २००२ मध्ये पुन्हा नकाशा बदलला आणि पहिला विभागच रद्द झाला. आधी माणसे मेली, मग नकाशा सुधारला. दोन्ही वेळा.

किल्लारीत माणसांना धरणीने मारले नाही, भिंतींनी मारले. दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती, आत एक थर आणि बाहेर एक थर, मध्ये दगडगोट्यांचा भराव, जोडायला चिखल आणि वर मातीच्या माळवदाचे ओझे. भिंतीच्या आरपार जाऊन दोन्ही थरांना बांधून ठेवणारा दगड क्वचितच. हादरा बसताच दोन्ही थर एकमेकांपासून सुटले. पुष्कळ ठिकाणी लाकडी खांब उभे राहिले आणि भिंती कोसळल्या. उलट गावकुसाबाहेरच्या छपराच्या घरांत माणसे तुलनेने कमी मेली, असे त्या वेळी पाहणी करणाऱ्यांनी नोंदवले आहे. ज्यांना दगडी वाडा बांधण्याची ऐपत नव्हती, किंवा बांधू दिला गेला नव्हता, त्यांना गवताच्या छपराने वाचवले. गरिबीचे गोडवे गाण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. हलके छप्पर माणूस मारत नाही, एवढाच त्याचा तांत्रिक अर्थ.

पण पुढे काय झाले? जागतिक बँकेच्या मदतीने मोठा पुनर्वसन कार्यक्रम आला. ५२ गावे नव्या जागी वसवायचे ठरले. आणि घर किती मोठे द्यायचे हे कशावर ठरले? कुटुंबात माणसे किती यावर नाही. भूकंपापूर्वी जमीन किती होती यावर! भूमिहीनाला आणि एक हेक्टरपर्यंतच्या अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४०० आणि त्याहून जास्त जमीन असलेल्याला ७५०. मराठवाड्यात भूमिहीन कोण आणि सात हेक्टरवाला कोण, हे शोधायला जातीचा दाखला मागावा लागत नाही. जुन्या गावाची रचना भूकंपाने मोडली होती. ती नव्या सिमेंटमध्ये पुन्हा उभी करण्यात आली.

त्याच कार्यक्रमाचा दुसरा भाग मात्र आम्हाला शिकण्यासारखा वाटतो. जी गावे हलवायची नव्हती तिथे, लातूर-उस्मानाबादच्या बाहेरील जिल्ह्यांतही, सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण घरमालकांनी स्वतः करायचे होते. त्यासाठी कनिष्ठ अभियंते शिकवावे लागले, गवंडी शिकवावे लागले. आणि गावागावांत महिला मंडळांना 'संवाद सहायक' म्हणून नेमले गेले. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने ते काम उभे केले. अभियंता काय म्हणतो ते बायांनी घरोघर समजावायचे, आणि घरातली अडचण अभियंत्यापर्यंत न्यायची. दाराशी उभे राहून भिंतीविषयी प्रश्न विचारणारी बाई असली की चावडीवर बसून पंचनामा लिहिणे अवघड होते.

आता थोडे वाईविषयी. गेल्या हिवाळ्यात वाईत आम्ही काही कार्यकर्ते जमलो होतो. विषय होता एका वस्तीतील बुद्धविहाराचा. वर्गणी काढून बांधलेला. दोन खोल्या, वर स्लॅब. पूर्वेच्या कोपऱ्यात भेग गेलेली, आणि सगळ्यांचा समज असा की अधूनमधून कोयनेकडून येणाऱ्या धक्क्यांनीच ती पडली. आमच्यातला एक मुलगा, पदविकेपर्यंत शिकलेला, एका ठेकेदाराकडे कंत्राटी पद्धतीने साइटवर काम करणारा, टॉर्च आणि पट्टी घेऊन आला. बराच वेळ तो काही बोललाच नाही. आधी बाहेरून फेरी मारली, मग आत गेला, मग छतावर.

"काका, ही भूकंपाची भेग नाही," तो शेवटी म्हणाला. "पाया खचतोय. ओढ्याच्या बाजूला माती वाहून गेली आहे."

आम्हाला थोडे वाईटच वाटले. पण त्याने भिंतीवर खडूने काढून दाखवले तेव्हा आम्ही ऐकत राहिलो. भूकंपात भिंत आडवी ढकलली जाते, म्हणून दोन खिडक्यांमधल्या भिंतीवर फुलीसारख्या तिरक्या भेगा पडतात. कोपऱ्यात दोन भिंती एकमेकींपासून सुटतात आणि वरून खाली उघडत जाणारी उभी भेग दिसते. दगडी भिंत पोटात फुगते. ती फुगलेली भिंत भेगेपेक्षा वाईट, कारण आतला थर बाहेरच्या थराला सोडून गेलेला असतो आणि वरचा गिलावा मात्र अखंड दिसतो. तुळईचे टोक भिंतीवरून किती सरकले हे वर चढून पाहावे लागते. गिलाव्यातली केसासारखी भेग म्हणजे काही नाही. "नुसते बाहेरून पाहून लिहायचे म्हटले," तो म्हणाला, "तर फुगलेल्या भिंतीला मी 'नुकसान नाही' लिहीन आणि फाटलेल्या गिलाव्याला 'मोठे नुकसान'."

भारतीय मानकात, आयएस १३९३५ मध्ये, दगडविटांच्या घरांचे नुकसान पाच श्रेणींत मांडले आहे. पहिलीत केसासारख्या भेगा, पाचवीत घर कोसळलेले. मधल्या तीन श्रेणींत सगळा झगडा आहे, कारण दुरुस्ती करायची की पाडायचे हे तिथे ठरते. हे सारे दोन-तीन दिवसांच्या वर्गात शिकवता येते. पण पाहिलेल्या शंभर घरांशिवाय ते डोळ्यात बसत नाही, असे जाणकार सांगतात. आम्हाला ते पटते.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे सतत मिसळली जाते. भूकंपानंतर दोन वेगळ्या तपासण्या लागतात. पहिली लगेच, काही तासांत: आज रात्री या घरात झोपायचे की नाही? दुसरी सावकाश: नुकसान किती, दुरुस्ती कशी, पैसे किती? कॅलिफोर्नियात १९८९ पासून पहिल्या कामासाठी हिरवा, पिवळा, लाल असे तीन फलक लावण्याची पद्धत आहे. जपानमध्ये कोबेच्या १९९५ च्या भूकंपानंतर अशा तपासनिसांची नोंदणी वाढवण्यात आली आणि आज तिथे एक लाखाहून अधिक प्रशिक्षित लोक नोंदलेले आहेत. आपला पंचनामा मात्र मुळात पैशाचा कागद आहे. पोरांना घेऊन आत जायचे की अंगणात राहायचे, हे त्यात कोणी लिहीत नाही. म्हणून मग लोक एक तर चार-चार दिवस थंडीत कुडकुडतात, नाहीतर दुसऱ्या धक्क्यात सापडतात.

हिरवा फलक म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे, हेही सांगितले पाहिजे. न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्चला सप्टेंबर २०१० च्या भूकंपानंतर सीटीव्ही इमारतीला हिरवा फलक मिळाला होता. २२ फेब्रुवारी २०११ च्या धक्क्यात ती कोसळली आणि ११५ माणसे मेली. घाईत डोळ्यांनी पाहिलेली तपासणी कुठे संपते, आणि नकाशे मागवून हिशेब कधी करायचा, हे अभियंत्याला कळणे हाही प्रशिक्षणाचाच भाग आहे. 'मला खात्री नाही' असे लिहिण्याची मुभा त्याला असली पाहिजे.

आपल्या देशात काहीच झाले नाही असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. भूजच्या २००१ च्या भूकंपानंतर केंद्रीय गृह मंत्रालयाने अभियंत्यांच्या प्रशिक्षणाचा राष्ट्रीय कार्यक्रम आखला, दहा हजार अभियंते तयार करायचे उद्दिष्ट ठेवले. आयआयटींच्या पुढाकाराने महाविद्यालयीन शिक्षकांसाठीही अभ्यासक्रम निघाले. पण या साऱ्याचा भर नवी इमारत भूकंपाला टिकेल अशी कशी बांधावी यावर होता. मोडलेले जुने घर वाचणे ही वेगळी विद्या आहे. आणि शिकलेला अभियंता बदलीवर जातो, निवृत्त होतो. जिल्हा परिषदेतल्या रिकाम्या जागांवर कंत्राटी मुले येतात, त्यांना कोणी पाठवत नाही. त्या कंत्राटी मुलांत आमची मुले किती आहेत हे सर्वांना ठाऊक आहे. कायम नोकरीतले आरक्षण कंत्राटाच्या दारात गळून पडते, आणि प्रशिक्षणाची दारे मात्र कायम नोकरीवाल्यांनाच उघडी.

कराडला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. सांगलीला वालचंद महाविद्यालय आहे. कराडलाच केंद्र सरकारची प्रयोगशाळा कोयनेच्या जमिनीत तीन किलोमीटर खोल भोक पाडून धक्के का बसतात याचा अभ्यास करते आहे. सांगली जिल्ह्याच्या शिराळ्याकडे वारणेच्या जलाशयाभोवतीही १९९३ पासून धक्के वाढले. म्हणजे विषय दाराशी, विद्या दाराशी. जमिनीखाली तीन किलोमीटर उतरणाऱ्या विज्ञानाला जमिनीवरच्या आमच्या वस्तीत यायला एवढा वेळ का लागावा?

भाषेचेही बोललेच पाहिजे. वाई हे मराठी विश्वकोशाचे गाव. लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली इथे बसून विद्वानांनी जगातल्या शास्त्रांना मराठी शब्द शोधले. त्याच गावात उद्या भूकंप झाला तर अभियंत्याच्या हातातले मानक इंग्रजीत असेल आणि घरमालकिणीला तिच्याच भिंतीचा निकाल वाचता येणार नाही. वास्तविक पाहता शब्द तिच्याकडेच आहेत: फुगवटा, फट, कलणे, खचणे, तुळई, गिलावा, कोपरा सुटणे. तपासणीचा कागद या शब्दांत छापला, आणि त्याची एक प्रत घरात ठेवली, तर खर्च किती येईल? पण मग तो कागद घेऊन बाई तहसील कचेरीत जाईल आणि विचारील, इथे 'फुगवटा' लिहिला आहे, मग चार हजार कसे? अडचण बहुधा इथेच आहे.

याच सातारा जिल्ह्यात मसूर स्टेशनावर १९०१ साली लहानगा भीमराव भाऊ आणि भाच्यांसह उतरला होता. वडिलांकडे जायचे होते. मुले महार आहेत हे कळल्यावर दुप्पट भाडे देऊनही गाडीवान त्यांच्याबरोबर गाडीत बसायला तयार नव्हता. मुलांनीच गाडी हाकायची आणि त्याने बाजूने चालायचे, असे ठरले. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये हे लिहून ठेवले आहे. आज कोणी उघडपणे तसे म्हणत नाही. पण पाहणीचे पथक गावात येते, सरपंचाच्या ओट्यावर चहा घेते, मुख्य आळीतली घरे पाहते, आणि 'ती वस्ती लांब आहे, अंधार पडला' म्हणून यादी कोणाकडून तरी मागवते, हे आमच्या माणसांनी पुरांच्या, दरडींच्या पंचनाम्यांत अनुभवले आहे. म्हणून अभियंत्यांना भेगा शिकवताना वस्तीचा रस्ताही शिकवा, असे आम्ही म्हणतो. पाहणीची सुरुवात गावाच्या कोणत्या टोकाकडून करायची, हे लेखी ठरवा. प्रत्येक तालुक्यात प्रशिक्षित तपासनिसांची यादी तयार ठेवा, तीत पदविकाधारक, आयटीआयचे गवंडी आणि कंत्राटी मुलेही घ्या. प्रत्येक पथकात गावातली एक बाई असू द्या. आणि निकाल मान्य नसेल तर दुसऱ्या अभियंत्याकडून फेरतपासणी मागण्याचा हक्क घरमालकाला द्या.

चळवळीलाही एक गोष्ट सांगायची आहे, रागावू नये. आम्ही विहारे बांधतो, समाजमंदिरे बांधतो, कमानी उभारतो. वर्गणी जमली की आधी उंची वाढवतो, पायाकडे नंतर बघतो. किती विहारांची तपासणी आमच्याच अभियंत्यांकडून झाली आहे? आमच्या समाजात आज स्थापत्य अभियंत्यांची मोठी संख्या आहे. जयंतीच्या मिरवणुकीत ते असतात, पण त्यांच्या विद्येचा एक रविवार वस्तीला मिळत नाही. त्यांनी मागितला नाही म्हणून की आम्ही मागितला नाही म्हणून, हे ज्याने त्याने ठरवावे.

वाईतल्या त्या विहाराच्या भेगेवर मुलाने काचेची एक पातळ पट्टी चिकटवली आहे, दोन्ही टोकांना प्लॅस्टर लावून. भेग हलली तर काच तडकेल. बाजूला पेन्सिलने तारीख लिहिली आहे. ओढ्याच्या बाजूने दगडी पिचिंग करायला किती खर्च येईल याचा कागद त्याने समितीकडे दिला आहे. वर्गणीची वही पुन्हा उघडली आहे, आणि काच पाहायला आम्ही येत्या पौर्णिमेला जाणार आहोत.